एकोणीस फुटांचे छायाचित्र

इ.स. १८५८ मध्ये मद्रास लष्करातील एक कप्तान तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराशी कॅमेरा मांडून उभा होता. त्याचे नाव लिनियस ट्राइप. विमानाच्या जोत्यावर चोळांनी कोरलेला तमिळ शिलालेख त्याला टिपायचा होता. अक्षरे वाचता येतील इतके जवळ जावे, तर भिंतीचा थोडाच भाग चौकटीत येई. मागे सरावे, तर अक्षरे मुंगीएवढी होत.

आज अशा वेळी हात आपसूक वाइड-अँगल भिंगाकडे जातो. त्या काळी मात्र तशी खात्रीची भिंगे नव्हतीच. निसर्गदृश्यांसाठी चंद्रकोरीच्या घडणीचे साधे भिंग वापरीत. त्याचे छिद्र बारीक ठेवले तरच कडा बऱ्यापैकी स्पष्ट येत. १८४० चे पेट्झवालचे भिंग वेगवान खरे, पण ते चेहऱ्यांसाठी; मध्यापासून दूर गेले की चित्र विरघळू लागे. अमेरिकेतील हॅरिसन आणि श्निट्झर यांचे गोलाकार ‘ग्लोब’ भिंग १८६२ च्या सुमारास बाजारात आले. रुंद कोनाची खरी किंमत प्रकाशात मोजावी लागते, कारण मध्याच्या मानाने कडांना तो फारच थोडा पोहोचतो. १९०० मधील गोर्ट्झ कंपनीच्या ‘हायपरगॉन’ भिंगावर तर मध्याचा प्रकाश अडवण्यासाठी हवेच्या फुंकरीने फिरणारी चांदणीच्या आकाराची चकती बसवावी लागली!

ट्राइपने भिंग बदलले नाही. कॅमेराच भिंतीच्या कडेने सरकवत नेला. एकवीस छायाचित्रे घेऊन त्यांचे ठसे एकमेकांना जोडले, तेव्हा सुमारे १९ फूट, म्हणजे जवळजवळ ५.८ मीटर लांबीचा पट्टा तयार झाला. हे ऐकायला सोपे वाटते. भिंतीपासूनचे अंतर किंवा कॅमेऱ्याची उंची जराशी बदलली, की जोडावर ओळ पायरीसारखी मोडते. त्याच्या मेण लावलेल्या कागदी निगेटिव्ह आधी तयार करून ठेवता येत. काचेवरील ओल्या कोलोडियनप्रमाणे काही मिनिटांत धुण्याची घाई नसे. दक्षिणेतील उकाड्यात आणि बैलगाडीच्या प्रवासात ही मोठीच सोय होती. प्रकाशन वेळ लांब लागे, पण दगड कुठे हलतो?

या मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहासही आहे. ट्राइपचा पट्टा मात्र चोळांच्या लेखाचा. तो तेथे आला त्याच्या तीनच वर्षे आधी, १८५५ मध्ये, तंजावरचे शेवटचे मराठी राजे वारले होते आणि कंपनीने राज्य खालसा केले होते.

मद्रास शहरात त्या वेळी छायाचित्रणाला अनुकूल वारे होते. अलेक्झांडर हंटरची कलाशाळा १८५० पासून चालू होती, १८५६ मध्ये छायाचित्रण संस्था निघाली, आणि ट्राइप प्रांताचा अधिकृत छायाचित्रकार झाला. एग्मोरच्या संग्रहालयातील अमरावतीची शिल्पेही त्याने टिपली. १८५९ मध्ये चार्ल्स ट्रेव्हेल्यन गव्हर्नर म्हणून आले. त्यांना हा सारा खर्च चैनीचा वाटला आणि त्यांनी तो बंद केला. त्यांना अरसिक ठरवण्याची घाई नको. १८५७ च्या उठावानंतर तिजोरी खरोखरच रिती होती. तरीही हुल्ट्शने या मंदिराचे लेख छापून प्रसिद्ध करायला १८९१ उजाडले, हे ध्यानात घेता तो निर्णय महागच पडला असे म्हणावे लागते.

पैशाचा हाच प्रश्न आज चेन्नईतील हौशी छायाचित्रकारापुढेही असतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारे १८-५५ मिलिमीटरचे भिंग लहान सेन्सरवर सुमारे ७४ अंशांचा कोन देते. १० मिलिमीटरचे भिंग सुमारे १०७ अंशांचा. महाबलिपुरमचे शिल्पांकित खडक किंवा दूरची डोंगररांग यांसाठी ट्राइपची युक्ती पुरते. कॅमेरा उभा धरावा, प्रकाशमान आणि फोकस कायम ठेवावेत, प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीवर एक तृतीयांश चढवावी. जोडण्याचे काम संगणक करतो. त्यात बारकावेही एकाच रुंद चित्रापेक्षा अधिक मिळतात. जवळची वस्तू असेल, तर मात्र कॅमेरा भिंगाच्या प्रवेशछिद्राभोवती फिरवावा लागतो, नाहीतर जोड फसतो.

मरीनाच्या किनाऱ्यावर ही युक्ती हरते. पाचवी चौकट घेईपर्यंत पहिल्या चौकटीतील लाट परत गेलेली असते. तेथे सारे एकाच क्षणी टिपणारे भिंग घ्यावेच लागते, आणि ते महागडे असण्याचे कारण नाही. कॅननचे २०१४ मधील १०-१८ मिलिमीटरचे भिंग प्लास्टिकच्या बैठकीचे आणि लहान छिद्राचे. म्हणूनच ते स्वस्तात निघाले. ट्रायपॉडवर एफ/८ ला घेतलेल्या पहाटेच्या समुद्राला मोठ्या छिद्राची गरजच पडत नाही.