रिओहा म्हणजे काय? ही स्पॅनिश रेड वाइन मालवणी मटणासोबत कशी लागते?

घरी मटणाचा बेत आहे आणि कुणीतरी ‘रिओहा’ लिहिलेली महागडी बाटली भेट आणली आहे. लालबाग-परळच्या घरात ही जोडी छान जमू शकते. पण रस्सा जहाल असेल, तर वाइनचे पैसे पाण्यात! ही जोडी खोबऱ्यामुळे जमते आणि मिरचीमुळे बिघडते. कशी, ते समजून घेऊया.

रिओहा म्हणजे नेमकं काय?

रिओहा हा उत्तर स्पेनमधला, एब्रो नदीकाठचा प्रदेश. १९२५ साली अधिकृत भौगोलिक ओळख मिळवणारा हा स्पेनमधला पहिला वाइन प्रदेश ठरला. इथल्या रेड वाइनचं मुख्य द्राक्ष आहे टेम्प्रानियो. स्पॅनिशमध्ये ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर. हे द्राक्ष लवकर पिकतं, म्हणून हे नाव.

या वाइनला चेरी आणि प्लमसारखी चव असते. जुन्या वाइनमध्ये तंबाखू आणि चामड्याचा वासही जाणवतो. कडक कोऱ्या चहानंतर जीभ कोरडी पडते, तसा तुरटपणा येतो. तो टॅनिन नावाच्या घटकांमुळे येतो.

लेबलवरचे शब्द काय सांगतात?

- क्रियान्सा: किमान २ वर्षं मुरवलेली, त्यातलं १ वर्ष लाकडी पिंपात
- रेसेर्वा: किमान ३ वर्षं, त्यातलं १ वर्ष पिंपात
- ग्रान रेसेर्वा: किमान ५ वर्षं, त्यातली २ पिंपात

खोबऱ्याचा काय संबंध?

रिओहात परंपरेने अमेरिकन ओक लाकडाची पिंपं वापरली जातात. या लाकडात लॅक्टोन नावाचे घटक भरपूर असतात आणि त्यांचा वास चक्क खोबऱ्यासारखा येतो. सोबत व्हॅनिलाचाही. वाइनमध्ये खोबरं घातलेलं नसतं, हा वास लाकडातून उतरतो.

दुसरीकडे, गिरण्यांमध्ये कामाला आलेल्या कोकणी माणसांसोबत परळ-लालबागच्या खाणावळींमध्ये मालवणी जेवण रुजलं. त्याचा पाया म्हणजे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप. वाटपाचा खमंगपणा आणि पिंपाचा वास एकमेकांना धरून राहतात. मटणातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनचा तुरटपणा कमी करतात. रिओहातही द्राक्षवेलीच्या काटक्यांवर भाजलेल्या कोकराच्या मांसासोबत हीच वाइन पितात.

सोबत काय खावं?

- बेताच्या तिखटाचं मटण सुकं
- कोंबडी-वडे, रस्सा सौम्य ठेवून
- शाकाहारींसाठी काळ्या वाटाण्याची उसळ किंवा भरली वांगी

काय टाळावं?

जहाल रस्सा आणि ठेचा. अल्कोहोलमुळे मिरचीची आग आणखी वाढते आणि वाइन कडू लागते. घरचा मसाला करताना लालबागच्या मसाला बाजारातून संकेश्वरी किंवा लवंगी मिरची कमी आणि ब्याडगी जास्त घेतली, तर रंग तोच राहतो, तिखटपणा उतरतो.

बांगडा आणि सुरमई. रेड वाइनमधल्या लोहामुळे माशासोबत तोंडात धातूसारखी, उग्र चव येऊ शकते. गिरगाव-दादरच्या मासळीच्या ताटासोबत व्हाइट वाइन बरी.

श्रीखंड, पुरणपोळी. गोडानंतर ही वाइन आंबट आणि तुरट लागते. सोलकढीही जेवण संपल्यावर घ्यावी, मध्ये मध्ये नको.

मुंबईत कशी प्यावी?

‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी’ हा सल्ला थंड देशांतला आहे. रिओहाला १६ ते १८ अंश तापमान मानवतं, आणि मुंबईतली खोली अनेकदा ३० अंशांवर असते. त्यामुळे बाटली आधी अर्धा ते पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ३ ते ५ दिवस टिकते.

हे द्राक्ष महाराष्ट्रात होतं का?

हो. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात चारोसा व्हिनयार्ड्सने टेम्प्रानियोची वाइन बनवली आहे. ग्रोव्हर झाम्पाच्या ‘शेन’मध्ये टेम्प्रानियो आणि शिराझ यांचं मिश्रण असतं. स्पेनमध्ये द्राक्षांची तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, नाशिकमध्ये मात्र जानेवारी ते मार्चमध्ये.

हेही लक्षात ठेवा

रिओहा रेडमध्ये साधारण १३ ते १४.५ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे नेहमीच्या बिअरच्या दुपटीहून जास्त. जेवणासोबत घेतली तरी ती दारूच आहे. प्यायल्यावर गाडी चालवू नये.