गंगाराम कांबळे यांचं हॉटेल : जिथं शाहू महाराज गाडी थांबवून चहा प्यायचे

बिद्री, वार्ताहर : गारगोटी रस्त्यानं एस.टी.नं कोल्हापूरला गेलं की आपण पहिल्यांदा चहाचं हॉटेल गाठतो. कपबशी कुणाची, शेजारी कोण बसलंय, हे कुणी विचारत नाही. शंभर वर्षांपूर्वी तसं नव्हतं. ते बदलायला कोल्हापुरातल्या एका साध्या चहाच्या हॉटेलचा मोठा हातभार लागला.

रेल्वे आली, पेठ वाढली
कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली. अंतर सुमारे 47 किलोमीटर. 1894 मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला. महाराज मूळचे आपल्या कागलच्या घाटगे घराण्यातले. 1895 मध्ये त्यांनी शाहूपुरी व्यापारपेठ वसवली. गूळ घेऊन बैलगाड्या येऊ लागल्या, पुढं माल रेल्वेनं जाऊ लागला. माणसांची ये-जा वाढली, तशी चहाची हॉटेलंही वाढली.

रेल्वेच्या डब्यात सगळ्या जातींची माणसं एका बाकड्यावर बसत. पण खाली उतरलं की पाणी वेगळं, चहाची भांडी वेगळी. अस्पृश्य समाजाच्या माणसाला हॉटेलात आत बसू देत नसत.

हौदाला शिवल्याची शिक्षा
गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला ते शिवले, म्हणून तिथल्याच नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. ते परतल्यावर गंगाराम यांनी सोनतळीला जाऊन पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगाराम यांना नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला पैशाची मदत दिली.

चहा चांगला, गिऱ्हाईक नाही
भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभं राहिलं. स्वच्छता उत्तम, चहाही फक्कड. पण महाराच्या हातचा चहा म्हणून सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. काहींनी तर गंगाराम यांच्यावर रागच धरला.

महाराजांच्या कानावर हे गेलं. मग फेरफटक्याला निघाले की ते आपली गाडी या हॉटेलसमोर उभी करायचे आणि भर रस्त्यात मोठ्यानं चहा मागवायचे. सोबतच्या मंडळींनाही तोच चहा घ्यावा लागे. कामासाठी, सहीसाठी येणाऱ्यांनाही आधी गंगाराम यांच्या हॉटेलातला चहा प्यावा लागायचा, असं आजही सांगितलं जातं. राजाच पितोय म्हटल्यावर नाक मुरडणार कोण? पुढं महाराजांनी त्यांना सोडा वॉटरचं मशीनही घेऊन दिलं.

कागदावरचा हुकूम पुरत नाही
1902 मध्ये महाराजांनी मागास वर्गांना नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या. 1919 मध्ये शाळा, दवाखाने, पाणवठे अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळायची नाही, असे हुकूम काढले. मार्च 1920 मध्ये माणगाव परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहिले. पण हुकूम काढला म्हणून माणसाच्या मनातली शिवाशिव जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून स्वतः कप हातात घेतला.

उपकाराची फेड
6 मे 1922 रोजी महाराजांचं मुंबईत निधन झालं. त्यानंतर गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेऊन आपल्या समाजबांधवांच्या मदतीनं कोल्हापुरात नर्सरी बागेत महाराजांचं स्मारक उभारलं. महाराजांचं पहिलं स्मारक म्हणून ते ओळखलं जातं. ते कुणा सरदार-जहागीरदारानं नाही, तर एका चहावाल्यानं बांधलं.

आता महाराजांची समाधीही नर्सरी बागेतच आहे. दवाखान्याच्या, कोर्टाच्या कामाला कोल्हापूरला गेलात तर पोरांना तिकडं जरूर न्या. भाऊसिंगजी रोडवरून जाताना ही गोष्टही सांगा. आणि परतल्यावर आपल्या गावातल्या हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, पाणवठ्यावर कुणाची कपबशी अजून वेगळी तर नाही ना, हेही बघा.