लाइनमन ते केबलवाला: महाराष्ट्राच्या खेड्यातील घरगुती इंटरनेट

खेड्यात घरी इंटरनेट घेताना दर आणि वेग यांची तुलना करण्याची सोय अगदी अलीकडची. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षे वाडीपर्यंत काय पोहोचते आणि ते बंद पडले तर दुरुस्तीला कोण येते, या दोनच गोष्टी पाहिल्या जात. या दोन्हींची उत्तरे इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी, टेलिफोनची तार ओढली गेली तेव्हाच बऱ्याच अंशी ठरून गेली होती.

१९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने तिने ग्रामीण भागासाठी १२८ लाइनचे छोटे डिजिटल एक्सचेंज तयार केले. पहिले एक्सचेंज १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूरला बसले. परदेशी यंत्रणांना वातानुकूलित खोली लागे, सी-डॉटच्या पेटीला ती लागत नसे. धूळ, उकाडा आणि लहरी वीज सोसणारे हे यंत्र बाजारपेठेच्या गावातील एखाद्या साध्या खोलीतही चालत असे. तिथून खांबांवरून किंवा जमिनीखालून तांब्याची तार घरोघरी जाई आणि तिची जबाबदारी लाइनमनकडे असे. कोणत्या वाडीच्या जोडावर पाणी शिरते आणि कोणत्या ओढ्याजवळ केबल उघडी पडली आहे, हे त्याला नकाशावाचून माहीत असे. एक्सचेंजपासून लांबच्या गावांना मात्र तार मिळाली नाही. तिथे रेडिओवर चालणारा एखादा सार्वजनिक फोन असे. तो वरचेवर बंद पडे आणि डेटा वाहून नेण्याच्या दृष्टीने तर निरुपयोगीच होता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते मोजक्या महानगरांत. तालुक्याच्या गावातून नेट हवे असेल तर मॉडेमने शहरातील क्रमांक फिरवावा लागे आणि एसटीडीचा दर धावू लागे. पुढे १७२ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांना स्थानिक कॉलचा दर लागू झाला, तेव्हा कुठे हा खर्च आवाक्यात आला. १९९८ च्या धोरणाने खासगी सेवादारांना वाट मिळाली, पण त्यांनी शहरे सोडली नाहीत. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम, म्हणजे बीएसएनएल, अस्तित्वात आले आणि ग्रामीण ग्राहक बीएसएनएलकडेच राहिला. डायल-अप चालू असेतो घरचा फोन अडकून पडे. पावसाळ्यात तारेत खरखर वाढली की जोडणी मध्येच तुटे आणि पुन्हा क्रमांक फिरवला की पुन्हा कॉलचे पैसे लागत.

घरात परवडत नाही म्हणून गावासाठी मिळून एक संगणक ठेवावा, ही कल्पना याच काळातली. तिचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९९८ मध्ये वारणानगरला झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभी राहिली. खर्चाचा भार केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी वाटून घेतला. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण असे पुष्कळ काही या केंद्रांतून मिळेल, अशी अपेक्षा होती. केंद्रे टिकली ती वेगळ्याच कारणाने. उसाचे वजन, खताची उचल आणि बिलाची रक्कम साखर कारखान्यावर खेप न घालता शेतकऱ्याला गावातच कळू लागली. इंटरनेटचा वापर मात्र नाममात्रच राहिला. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूमधील संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला. तेवढ्यावर तेच काम कमी खर्चात भागले. वारणेचा प्रयोग फसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. गावाला नेमके काय हवे आहे, हे कळायला मात्र त्याला आठ-नऊ वर्षे लागली.

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्राचे ब्रॉडबँड धोरण आले. सेकंदाला २५६ किलोबिट एवढा वेग त्या धोरणाने ब्रॉडबँड ठरवला. (हीच किमान मर्यादा २०१३ मध्ये दुप्पट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिटवर गेली.) जानेवारी २००५ पासून बीएसएनएलने ‘डेटावन’ नावाने ही सेवा द्यायला सुरुवात केली. तिच्यासाठी नवी तार ओढायची नव्हती. फोनच्याच तांब्यावरून आवाज आणि डेटा वेगवेगळ्या वारंवारतेवर धावत आणि घरात एक छोटा स्प्लिटर दोघांना वेगळे करी. फोन अडकून पडण्याची कटकट संपली. पण तांब्याला अंतर सोसत नाही. एक्सचेंजपासून दोन किलोमीटरवर नीट चालणारी जोडणी चार-पाच किलोमीटरवर रडू लागे आणि त्यापलीकडे मिळतच नसे. घाटमाथ्यावरच्या एकवट वस्तीच्या गावाला हे त्यातल्या त्यात सोसले. कोकणात एकाच गावाच्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असतात, त्यामुळे बाजारपेठेच्या वाडीला ब्रॉडबँड आणि पऱ्ह्यापलीकडच्या वाडीला नकार, हे नेहमीचे झाले.

त्या काळातील घरगुती वापराचे नियम आज गमतीचे वाटतात. महिन्याचा डेटा मेगाबाइटमध्ये मोजून मिळे. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर मोजला जात नसे, म्हणून मोठ्या फाइली उतरवायला लावून लोक झोपी जात. त्यात २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनात काढली. घरात वीज असावी, एक्सचेंजच्या बॅटऱ्या उतरलेल्या नसाव्यात आणि तारही शाबूत असावी, हे तिन्ही जुळून यायला नशीब लागे. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की मॉडेमची वायर आधी काढायची, हे घरातील लहान मुलांनाही माहीत होते. वीज पडून जळालेला मॉडेम बदलून मिळायला आठवडे जात.

तार न मिळालेल्या घरांनी हवेची वाट धरली. आधी डब्ल्यूएलएलचे बिनतारी फोन आले, मग सीडीएमएचे डोंगल, आणि २०१० च्या लिलावानंतर थ्रीजी. डोंगल लांब यूएसबी वायरला जोडून खिडकीच्या गजाला बांधायचे किंवा कौलाखाली टांगायचे, ही युक्ती गावोगाव सारखीच सापडते. टॉवरवरचा भार संध्याकाळी वाढला की वेग पार आटे, आणि वीज गेल्यावर टॉवरचे डिझेल संपले तर तोही मिळत नसे.

हवेतून जाणारा आणखी एक मार्ग आयआयटी मुंबईने पालघर भागात तपासला. प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दूरदर्शनच्या यूएचएफ पट्ट्यातील बऱ्याच वाहिन्या देशात जवळपास सर्वत्र रिकाम्या पडून असल्याचे दिसले. या लहरींना झाडी फारशी अडवत नाही आणि त्या लांबवर जातात. खामलोली, बहाडोली, ढुकटण अशा गावांमध्ये या रिकाम्या वाहिन्यांतून दुवे जोडले गेले आणि गावात आल्यावर साधा वायफाय. हा पट्टा सर्वांसाठी खुला करण्यास सरकारची परवानगी काही मिळाली नाही. म्हणून पुढच्या टप्प्यात सुमारे २५ गावांसाठी ५.८ गिगाहर्ट्झचे रेडिओ वापरले गेले. त्यांना समोरासमोर नजर लागते, म्हणजे मध्ये टेकडी आली की उंच खांब आलाच. तंत्र चालते हे सिद्ध झाले. पण गावातील कोणीतरी ते पैसे घेऊन सांभाळले तरच ते टिकेल, असाच निष्कर्ष या प्रयोगातून निघत होता.

सरकारी योजनेला हा निष्कर्ष बराच काळ पटला नाही. २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना सेकंदाला १०० मेगाबिटची जोडणी द्यायचे ठरवले. २०१५ मध्ये त्याचे नाव भारतनेट झाले आणि दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने आपल्या वाट्याचे काम ‘महानेट’ म्हणून स्वतःकडे घेतले. फायबर तालुक्यापासून पंचायतीपर्यंत येई आणि तिथे थांबे. पंचायत कार्यालयाच्या कोपऱ्यात कुलूपबंद पेटी, तिच्या विजेच्या बिलाचा वाद आणि तिथून घरापर्यंत काहीच नाही, असे दृश्य अनेक गावांत होते. रस्ता रुंद करताना, नाहीतर नळाचा चर खणताना, जेसीबीने केबल तोडली तर एकाच ओळीत जोडलेली पुढची सगळी गावे बंद पडत. योजनेची प्रगती जोडलेल्या पंचायतींच्या संख्येने मोजली जाई, आणि त्या संख्येत चालू व बंद यांचा फरक दिसत नसे.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटाचे दर कोसळले. पुष्कळ ग्रामीण घरांनी वेगळ्या जोडणीचा विचारच सोडून दिला, कारण फोनचा हॉटस्पॉट पुरत होता. तो किती अपुरा आहे हे मार्च २०२० मध्ये कळले. शाळा मोबाइलवर आली, नोकरदार पुण्या-मुंबईहून गावी परतले आणि एका टॉवरवर सगळ्या पंचक्रोशीचा भार पडला. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत रेंजसाठी मुले डोंगरमाथ्यावर जाऊन बसत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब आडवे केले आणि फोनही मुके झाले. बीएसएनएलच्या तांब्याचा आधारही तोवर क्षीण झाला होता. स्वेच्छानिवृत्तीने ३१ जानेवारी २०२० रोजी देशभरात सुमारे ७८ हजार कर्मचारी एकदम बाहेर पडले होते आणि त्यांत गावची तार ओळखणारे लाइनमनही होते.

त्यांची जागा केबलवाल्याने घेतली. नव्वदच्या दशकात डिश उभारून घरोघरी टीव्ही पोहोचवणारा हा गावचाच माणूस. डीटीएचने धंदा मोडीत काढला तेव्हा त्याच्याकडे तीन गोष्टी उरल्या होत्या. खांबांवरून वायर नेण्याची सवय होती, दर महिन्याला दारात जाऊन वसुली करण्याची रीत होती आणि प्रत्येक घराशी ओळख होती. बीएसएनएलने ‘भारत फायबर’ या आपल्या फायबर सेवेसाठी स्थानिक भागीदारांना उत्पन्नातील वाटा देऊ केला आणि खासगी कंपन्यांनीही असेच करार केले. एका फायबरमधून स्प्लिटरने अनेक घरे जोडता येतात, त्यासाठी वाटेत वीज लागत नाही आणि पाच किलोमीटर अंतराने वेगही घटत नाही. फांदी पडून वायर तुटली तर केबलवाला स्प्लाइसिंगचे यंत्र दुचाकीवर टाकून येतो, काचेची दोन टोके वितळवून सांधतो आणि तासाभरात निघून जातो. सरकारी योजनेने जे पंचायतीपर्यंत आणून सोडले होते, ते घरात नेण्याचे काम बहुतांशी या माणसाने केले, असे म्हणायला हरकत नाही.

आज फायबर दारापर्यंत येत असेल तर खेड्यातील घर सहसा तेच घेते, आणि दोन सेवादार असतील तर ज्याचा माणूस गावात राहतो त्याला पसंती देते. महिन्याला पन्नास रुपये कमी पडतात म्हणून तालुक्याच्या सेवादाराकडे गेलेली घरे पहिल्या पावसाळ्यानंतर परत येतात. शेतातल्या एकाकी घराला फायबर ओढणे परवडत नाही. तिथे २०२३ पासून छतावर बसणारे एअरफायबर आले, पण ते फाइव्हजीचा टॉवर जवळ असेल तरच. दोन्ही न पोहोचणाऱ्या वस्त्यांसाठी उपग्रहाचा पर्याय पुढे आला आहे. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला केंद्राचा परवाना मिळाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांतील दुर्गम भागांसाठी कंपनीशी इरादापत्र केले. तिच्या तबकडीला तार लागत नाही आणि टॉवरही लागत नाही. वीज आणि मोकळे आकाश मात्र लागते.