बड्या लॉ फर्ममधील नोकरकपात

बड्या लॉ फर्ममधील वकिलाची नोकरी वेतनाने भक्कम, पण हमीने कच्ची असते. या व्यवस्थेचा साचा विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये पॉल क्रॅव्हॅथ यांनी घातला. नामांकित विद्यापीठांतील नवे पदवीधर घ्यायचे, काही वर्षे घडवायचे, थोड्यांना भागीदार करायचे आणि उरलेल्यांना निरोप द्यायचा. त्यामुळे मंदी नसतानाही गळती चालूच असते. मंदीत ती फक्त चव्हाट्यावर येते.

अशिलाला शुल्क तासागणिक आकारले जाते. कंपन्यांचे विलीनीकरण आणि भांडवल उभारणी थंडावली की तास घटतात, वेतनाचा बोजा मात्र तसाच राहतो. नफा बहुतांशी भागीदारांत वाटला जात असल्याने गंगाजळी फारशी नसते. मग कात्री भागीदारांच्या वाट्याला लावायची की कनिष्ठांच्या नोकऱ्यांना, एवढाच प्रश्न उरतो. निर्णय अर्थातच भागीदारांच्या हाती असतो. २७ फेब्रुवारी २००९ रोजी लेथम अँड वॉटकिन्सने १९० सहयोगी वकील आणि २५० इतर कर्मचारी कमी केले. फर्मचे नावच पुढे अमेरिकी वकिलांच्या बोलीत 'काढून टाकणे' या अर्थाचे क्रियापद बनले. तरी त्या फर्मने कपात जाहीर तरी केली. कामाचा आढावा अचानक असमाधानकारक ठरवून एकेकाला गुपचूप बाहेर काढण्याची रीत अधिक घातक, कारण मंदीचा दोष वकिलाच्या माथी बसतो.

भागीदारी मिळाली म्हणजे तट गाठला, असेही नाही. सिडली ऑस्टिनने १९९९ मध्ये ३२ भागीदारांना खालच्या दर्जावर आणले. वयावरून भेदभाव झाल्याचा दावा अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने लावला आणि २००७ मध्ये २ कोटी ७५ लाख डॉलरवर तडजोड झाली. ड्यूई अँड लबफ तर २०१२ मध्ये दिवाळखोरीतच गेली.

भारतातील चित्र निराळे आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्यामुळे फर्ममधील वकिलाला बहुधा व्यावसायिक शुल्क मिळते आणि नोटिशीचा काळ करारात असेल तेवढाच. मुंबईतील एका सॉलिसिटर फर्मच्या कर्मचाऱ्यांचा बोनसचा वाद १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तेव्हा अशी फर्म 'उद्योग' नाही, असा निकाल न्या. गजेंद्रगडकर यांनी दिला. बौद्धिक सेवेचे यश सॉलिसिटरच्या वैयक्तिक कौशल्यावर असते, हा त्यामागील विचार. बेंगळुरू पाणीपुरवठा खटल्यात १९७८ मध्ये तो फिरवला गेला. त्याचा लाभ कारकून आणि टंकलेखकांना होऊ शकला. वकील स्वतः 'कामगार' या व्याख्येबाहेरच मानला गेला. इतरांच्या नोकरीचे खटले लढवणाऱ्याला स्वतःसाठी कराराचा कागद तेवढा हाती असतो.