एम-१४ : निवृत्त रायफलीचा दुसरा जन्म

सैन्यातील शस्त्र एकदा निवृत्त झाले की ते सहसा परत येत नाही. ते कोठारात जाते, संग्रहालयात जाते, मित्रदेशांना दिले जाते किंवा भट्टीत वितळविले जाते. अमेरिकेची एम-१४ ही रायफल मात्र या नियमाला अपवाद ठरली. १९६४ मध्ये तिचे उत्पादन संपले. पण २००१ नंतर अफगाणिस्तानच्या डोंगरांत आणि पुढे इराकमध्ये हीच रायफल कोठारातून बाहेर काढून, तिच्यात बदल करून पुन्हा जवानांच्या हाती द्यावी लागली. जुन्या अर्धस्वयंचलित रायफलीची सुधारणा म्हणजे नेमके काय, त्यात काय साधते आणि त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते, हे समजून घेण्यासाठी या रायफलीसारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण आहे.

गॅरंडपासून एम-१४ पर्यंत

अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र रिकामे टरफल बाहेर फेकणे आणि पुढचे काडतूस नळीत चढविणे ही कामे रायफल स्वतःच करते. गोळीमागील वायूचा थोडा भाग नळीच्या छिद्रातून वळवून त्याच्या दाबाने आतील यंत्रणा मागे ढकलली जाते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत जॉन गॅरंड यांनी अशी एम-१ रायफल तयार केली आणि १९३६ मध्ये अमेरिकी सैन्याने ती स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धात बहुतेक देशांचे पायदळ हाताने बोल्ट ओढून गोळी झाडत असताना अमेरिकी जवानाच्या हाती ही रायफल होती.

एम-१ मध्ये आठच काडतुसे मावत. ही उणीव दूर करून, नाटोने १९५४ मध्ये प्रमाण मानलेल्या ७.६२ × ५१ मिलिमीटर काडतुसासाठी एम-१४ घडविण्यात आली. १९५७ मध्ये ती स्वीकारली गेली. तिला वीस काडतुसांचे सुटे मॅगझिन होते आणि ती पूर्ण स्वयंचलितही चालविता येई. परंतु सुमारे चार किलो वजनाच्या रायफलीतून एवढे जोरकस काडतूस सलग झाडले की तिचे तोंड आकाशाकडे उचलले जाई. त्यामुळे बहुतेक रायफलींची स्वयंचलित कळ बंद करून त्या जवानांना अर्धस्वयंचलित म्हणूनच दिल्या गेल्या. व्हिएतनामच्या जंगलात लढाई जवळच्या अंतरावर होती आणि तेथे हलकी एम-१६ सोयीची ठरली. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांच्या काळात एम-१४ चे उत्पादन थांबविण्यात आले. तोपर्यंत तेरा लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या होत्या.

लाकूड फुगते तेव्हा

एम-१४ च्या सुधारणेचा पहिला धडा व्हिएतनामच्या दमट हवेने दिला. या रायफलीचा लाकडी दस्ता ओलावा शोषून फुगे आणि उन्हात आकसे. नळी व यंत्रणा ज्या खाचेत बसलेल्या असतात तीच हलली की त्यांच्यावरील दाब बदलतो आणि काल बरोबर जुळवलेला नेम आज चुकतो. त्यामुळे सैन्याने काचतंतूंचा, म्हणजे फायबरग्लासचा दस्ता आणला. स्पर्धात्मक नेमबाजीसाठी तयार केलेल्या रायफलींत आणखी एक उपाय योजला जाई. दस्त्याच्या खाचेत काचतंतूमिश्रित इपॉक्सीचा लेप भरून त्यात यंत्रणेचा हुबेहूब साचा उमटविला जाई, म्हणजे धातू आणि दस्ता यांच्यात केसाएवढीही फट उरत नसे.

याच रायफलींना दुर्बीण बसवून १९६० च्या दशकाच्या अखेरीस एम-२१ ही नेमबाजांची रायफल सिद्ध झाली. तिच्या अक्रोडाच्या दस्त्याला इपॉक्सी पाजून जलरोधक केले होते. एम-२४ ही बोल्टची रायफल १९८८ मध्ये येईपर्यंत अमेरिकी भूदलाच्या नेमबाजांची ती मुख्य रायफल होती. मात्र लेपाची ही पद्धत नाजूक होती. रायफल पुन:पुन्हा उघडून साफ केली की लेप झिजे आणि अचूकता घटे. कुशल कारागिराच्या देखभालीशिवाय ती टिकत नसे. युद्धभूमीवर असा कारागीर प्रत्येक तुकडीजवळ कोठून असणार?

अर्ध्या किलोमीटरचा प्रश्न

२००१ मध्ये अमेरिकी सैन्य अफगाणिस्तानात उतरले तेव्हा सामान्य जवानाकडे एम-४ ही आखूड कार्बाइन होती. तिची नळी सुमारे ३७ सेंटिमीटरची आणि गोळी जेमतेम चार ग्रॅमची. वाहनातून उतरताना, घरांची झडती घेताना ती उत्तम. पण अफगाण दऱ्यांत विरोधक समोरच्या डोंगरावरून मशीनगनने मारा करीत आणि मधले अंतर पुष्कळदा पाचशे मीटरच्या पुढे असे. मेजर थॉमस एऱ्हार्ट यांनी २००९ मध्ये अमेरिकी भूदलाच्या उच्च अभ्यासक्रमासाठी लिहिलेल्या प्रबंधात, अफगाणिस्तानातील निम्म्याहून अधिक चकमकी तीनशे मीटरपलीकडे होत असल्याचे मांडले आणि पायदळाने गमावलेला हा अर्धा किलोमीटर परत मिळविला पाहिजे असा आग्रह धरला. तोफखाना किंवा विमाने मदतीला येईपर्यंत डोंगरउतारावर अडकलेल्या तुकडीच्या दृष्टीने हा प्रश्न जिवाचा होता.

साडेनऊ ते अकरा ग्रॅमची गोळी दूरवर नेणारी रायफल कोठारात होती. मधल्या काळात अनेक एम-१४ नष्ट झाल्या होत्या आणि काही लिथुआनिया, एस्टोनियासारख्या देशांना दिल्या गेल्या होत्या. तरीही उरलेल्या हजारो रायफली कामी आल्या. मात्र त्या जशाच्या तशा देऊन भागणार नव्हते.

अडचण दुर्बिणीची, उत्तर सांगाड्याचे

पहिली अडचण दुर्बीण बसविण्याची. एम-१४ ची यंत्रणा वरून उघडी असते, कारण रिकामे टरफल वरच्या बाजूने बाहेर पडते. दुर्बिणीसाठी मूळ रचनेत डाव्या बाजूला एकच स्क्रूचे छिद्र आहे. प्रत्येक गोळीच्या धक्क्याने हा एकुलता स्क्रू सैल होई. त्यामुळे दोन-तीन ठिकाणी पकड घेणारी बैठक तयार करावी लागली. दुसरी अडचण अशी की दुर्बीण उंचावर बसते आणि दस्ता मात्र उघड्या नेमासाठी खाली उतरता असतो. गाल टेकायला आधार नसला की डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो. जवान यावर फोमचे तुकडे चिकटपट्टीने दस्त्याला बांधत. तिसरी अडचण चिलखताची. छातीवर जाड चिलखती जाकीट चढविले की मूळ दस्ता लांब पडतो आणि तो खांद्याला नीट लागत नाही.

या सर्व अडचणींना एकत्रित उत्तर म्हणून मिशिगनमधील सेज इंटरनॅशनल या कंपनीचा ॲल्युमिनियमचा सांगाडा स्वीकारला गेला. लाकडी दस्ता काढून मूळ यंत्रणा या सांगाड्यात बसविली जाते. धातूला धातूचाच आधार मिळाल्याने लेपाची गरज उरत नाही आणि ओलाव्याने काही फुगत नाही. मागचा दस्ता लांबी कमी-जास्त करण्याजोगा, गालाचा आधार वर-खाली होणारा. पुढील भागावर १९९५ मध्ये प्रमाणित झालेली, न्यू जर्सीतील पिकॅटिनी शस्त्रशाळेच्या नावाने ओळखली जाणारी खाचांची पट्टी. या पट्टीवर दुर्बीण, दोन पायांचा टेकू, दिवा असे कोणतेही साधन ठरावीक मापाने बसते आणि निघते. नौदलाच्या विशेष दलांसाठीची आखूड नळीची रायफल एमके-१४ म्हणून ओळखली गेली. भूदलासाठी इलिनॉयमधील रॉक आयलंड शस्त्रशाळेत पूर्ण लांबीच्या नळीच्या काही हजार रायफली याच पद्धतीने जोडण्यात आल्या. मरीन दलाने तर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनच क्वांटिको येथील आपल्या कारागिरांकडून निवडक नेमबाजांसाठी स्वतंत्र एम-१४ तयार करून घेण्यास आरंभ केला होता.

किती फरक पडतो?

नेमबाजीत अचूकता कोनाच्या कलांमध्ये मोजतात. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर ती साधारण २.९ सेंटिमीटर भरते. चार कलांचा फैलाव असलेल्या रायफलीच्या गोळ्या पाचशे मीटरवर ५८ सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतील, म्हणजे माणसाच्या छातीपेक्षा रुंद क्षेत्रात. हाच फैलाव एका कलेवर आणला तर वर्तुळ साडेचौदा सेंटिमीटरचे होते. सांगाडा, पक्की बैठक आणि वजनात एकसारखे असलेले खास काडतूस या तिन्हींची मदत या फरकासाठी लागते. यातील काडतुसाचा वाटा सामान्य वाचकाच्या लक्षात येत नाही. मशीनगनसाठी ठोक प्रमाणात बनविलेली गोळी उत्तम रायफलीतूनही विखुरते. म्हणूनच नेमबाजांसाठी ११.३ ग्रॅम वजनाच्या गोळीचे वेगळे काडतूस वापरले गेले.

आता हिशेबाची दुसरी बाजू. चार किलोची रायफल सांगाडा, दुर्बीण आणि भरलेले मॅगझिन धरून साडेसहा किलोंच्या पुढे गेली. तिचे एक काडतूस एम-४ च्या काडतुसाच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे. डोंगर चढताना हा भार एकाच जवानाच्या खांद्यावर येई. शिवाय दूरचा नेम साधण्यासाठी वारा, उंची आणि अंतर यांचे गणित जाणणारा प्रशिक्षित माणूस लागे. ज्या तुकड्यांना नुसती रायफल मिळाली आणि प्रशिक्षण मिळाले नाही, त्यांच्या हाती एक जड वस्तूच पडली म्हणायची. म्हणूनच ही सुधारणा प्रत्येकासाठी नव्हती; तुकडीतील एखाद-दुसऱ्या निवडक नेमबाजासाठी होती. अखेर २०२० पासून अमेरिकी भूदलाने या कामासाठी एम-११०ए१ ही जर्मन रचनेची, दुर्बिणीसाठी मुळातच सपाट माथा असलेली रायफल देण्यास सुरुवात केली. आज एम-१४ प्रामुख्याने समारंभात दिसते. आर्लिंग्टन येथील अज्ञात सैनिकाच्या समाधीवरील पहारेकऱ्यांच्या खांद्यावर तीच असते.

भारतासाठी बोध

भारतीय सैन्याचा प्रवासही या कथेशी बराच मिळताजुळता आहे. १९६२ च्या युद्धानंतर आपल्या जवानांना ईशापूर येथे तयार झालेली ७.६२ मिलिमीटरची एसएलआर मिळाली. १९९० च्या दशकात हलक्या काडतुसाची इन्सास आली. आणि २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार करून सैन्य पुन्हा ७.६२ × ५१ काडतुसाकडे वळले, कारण सीमेवरील उंच पहाडांत लांब पल्ल्याची व जबर आघाताची गरज होती. पायदळाची लहान काडतुसे बनविणाऱ्या कारखान्यांत आपल्या महाराष्ट्रातील वरणगाव आणि खडकी येथील कारखाने आहेत, हेही या ठिकाणी ध्यानात घ्यावयास हवे. रायफल कितीही उत्तम असली तरी तिची अचूकता अखेर अशा कारखान्यांतील काडतुसाच्या दर्जावर ठरते.

एम-१४ च्या अनुभवाचा सारांश असा काढता येईल. सुधारणेचा आरंभ शोभेच्या साधनांपासून करावयाचा नसतो. आधी पाया स्थिर करावा, मग डोळा आणि गाल यांची जागा निश्चित करावी, त्यानंतर योग्य काडतूस निवडावे आणि हे सारे वापरणाऱ्या जवानाला शिकवावे. या क्रमाबाहेर जे काही जोडले जाते, त्याने वजन तेवढे वाढते. आणि ते वजन दहा हजार फुटांवर, पाठीवरच्या ओझ्यासह, कोणातरी तरुण जवानालाच वाहून न्यावे लागते.