धाबे, ओसरी आणि तोल

खान्देशात वृद्धांच्या पडण्याचा इतिहास घरांच्या बांधणीत शोधावा लागतो. १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे विभाजन झाले आणि त्यांतून पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे आकाराला आले. या मुलखातील जुने घर बहुधा धाब्याचे असे, म्हणजे लाकडी तुळयांवर काटक्या अंथरून वर मातीचे थर चोपलेल्या सपाट छपराचे. पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या उन्हाळ्यात रात्री धाब्यावर झोपण्यावाचून गत्यंतर नसे, पावसाच्या तोंडावर गळती बुजवायलाही कोणाला तरी शिडी चढावी लागे, आणि पुष्कळ धाब्यांना कठडाच नसे.

यावर कुटुंबांनी काढलेला तोडगा असा, की वय झालेल्या माणसाची खाट धाब्यावरून ओसरीत येई, हाती काठी दिली जाई आणि रात्री परसाकडे जाताना कोणीतरी कंदील घेऊन सोबत करी. या व्यवस्थेतील जिव्हाळा खरा होता; परंतु ती सोबत बहुतेक वेळा घरातील स्त्रियांच्या श्रमांवर उभी होती, आणि बसून राहिल्याने मांड्यांचे बळ ओसरून तोल अधिकच ढळतो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येण्याजोगे नव्हते.

पुढे सारवलेल्या जमिनीच्या जागी फरशी आणि गुळगुळीत टाइल्स आल्या, तेव्हा धोका छपरावरून ओल्या मोरीत उतरला. उन्हाळा मात्र तोच राहिला: घामावाटे शरीरातील पाणी कमी झाले आणि त्यात रक्तदाबाची औषधे चालू असली, की उठून उभे राहताच रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल व पावरा वस्त्यांत हा प्रश्न म्हातारपणाची वाट पाहत नाही. तेथे आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि ऐन तारुण्यात चाल लंगडी होते. पडण्याविषयी बोलताना या तरुणांना वगळणे अन्यायाचे आहे.

शासनाचे लक्ष या विषयाकडे उशिरा वळले. २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेने गरीब वृद्धांना काठ्या आणि वॉकर देऊ केले, तर २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना एकदाच मिळणारे ३००० रुपये साधनांप्रमाणे योगोपचारासाठीही वापरता येतात. योगोपचाराची ही तरतूद अधिक मोलाची आहे, कारण तोल आणि पायांचे बळ वाढवणाऱ्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण जवळपास चतुर्थांशाने घटते, असे २०१९ मधील एका व्यापक आंतरराष्ट्रीय आढाव्यात दिसून आले आहे.