टाळूवरचं कासव

सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या पासष्ट भरते. त्यांतले नऊ टाळूचे. या नवांपैकी एकाचं नाव कच्छप: कासवाच्या पाठीसारखी वर आलेली, न दुखणारी, सावकाश वाढणारी गाठ. इतक्या जुन्या वर्णनावर आजच्या रोगाचं नाव डकवणं धोक्याचं, आणि तो मोह आपल्याकडे जरा जास्तच आहे. पण लाळग्रंथीची साधी, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ ज्याने एखाद्या टाळूवर बोटाने चाचपली असेल, त्याला कासवाची उपमा पटल्याशिवाय राहणार नाही.

टाळूवर लाळग्रंथीची गाठ येते कुठून? कानापुढची, जबड्याखालची आणि जिभेखालची अशा लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या. त्यांखेरीज ओठ, गाल, टाळू, घसा यांच्या अस्तरात सहाशे ते हजार बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात; नाकात आणि श्वासनलिकेतही त्यांचे भाऊबंद सापडतात. त्यामुळे गाठ वरच्या ओठात येऊ शकते, नाकाच्या पडद्यावर येऊ शकते, घशाच्या बाजूच्या खोल जागेत लपून पडजीभ एकीकडे ढकलू शकते. बहुतेक गाठी मात्र कानापुढच्या ग्रंथीतच होतात, आणि त्यांतल्या बहुसंख्य निरुपद्रवी निघतात. बारीक ग्रंथींचं गणित उलटं आहे. तिथल्या गाठींपैकी जवळपास निम्म्या कर्करोगाच्या असतात. अडनिड्या जागी आलेल्या गाठीला ‘साधीच असेल’ म्हणून सोडून देता येत नाही, ते यामुळे.

सूक्ष्मदर्शकाखाली यांतली साधी गाठ पाहणारे एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर चक्रावले होते. एकाच चकतीत ग्रंथीच्या पेशी, बुळबुळीत द्रव्य आणि चक्क कूर्चेसारखा भाग! १८७४मध्ये मिन्सेन यांनी तिला ‘मिश्र गाठ’ म्हटलं. १९४८मध्ये विलिस यांनी ‘प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा’ हे नाव दिलं, म्हणजे अनेक रूपं घेणारी ग्रंथीची गाठ. कोड्याचं उत्तर नावातच होतं: दिसायला मिश्र असली तरी उगम ग्रंथीतच.

गाठीला नाव मिळालं, तरी वर्धा जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या गोष्टीत ती उशिरा येते. ३० एप्रिल १९३६ला गांधीजी सेगावात राहायला आले तेव्हा ते वर्ध्याजवळचं एक लहान खेडं होतं. त्याचं टपाल सारख्या नावाच्या शेगावला जाऊ लागलं म्हणून १९४०मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. आश्रमातली औषधपेटी डॉ. सुशीला नय्यर यांच्या हाती होती. त्यातूनच १९४५मध्ये एका अतिथिगृहात बायका-मुलांसाठी पंधरा खाटांचा दवाखाना सुरू झाला, तेच कस्तुरबा रुग्णालय. तिथे कामं होती ती तापाची, हगवणीची, बाळंतपणाची. टाळूवरच्या न दुखणाऱ्या गाठीसाठी रोजगार बुडवून कोण येणार?

गांधी जन्मशताब्दीच्या साली, १९६९मध्ये, त्याच रुग्णालयाभोवती महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. पुढे १९९०मध्ये सावंगी मेघे इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आलं, पाठोपाठ दंत महाविद्यालयही. नागपूरचं मेडिकल कॉलेज १९४७चं. तिथपर्यंत न जाता पेशींची तपासणी आणि तोंडाची शस्त्रक्रिया वर्ध्यातच होऊ लागली. याला खर्ऱ्याचंही कारण आहे. प्लास्टिकच्या कागदावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या या पुडीने विदर्भातली तोंडं इतकी नासवली की मुखकर्करोग इथल्या डॉक्टरांच्या रोजच्या सरावाचा झाला. तोंडात गाठ लागली की खर्रा खाणाऱ्याच्या घरात रडारड सुरू होते. न खाणारा मात्र ती पाच-दहा वर्षं जिभेने चाचपत बसतो. दुसऱ्याची चूकही लहान नाही. साधी गाठ जितकी जुनी, तितकी ती बिघडून कर्करोग होण्याची शक्यता वाढत जाते.

निदानासाठी बारीक सुई पुरते. गाठीत सुई टोचून पेशी ओढायच्या, काचेवर पसरायच्या, रंग देऊन पाहायच्या. १९५०-६०च्या दशकांत स्वीडनमधल्या डॉक्टरांनी हे तंत्र रुजवलं. भूल नाही, टाके नाहीत. खेड्यातल्या रुग्णालयाला याहून सोयीचं काय असणार?

खरा झगडा वेगळाच होता: किती कापायचं? कानापुढच्या ग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते. ती दुखावली तर तोंड वाकडं होतं. या धास्तीने शल्यविशारद वाटाण्याच्या शेंगेतून दाणा काढावा तशी गाठ सोलून काढत. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या आवरणाबाहेर गाठीची बारीक बोटं पसरलेली असत. ती मागे राहत आणि काही वर्षांनी एका गाठीच्या जागी अनेक उगवत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नस आधी शोधून, जपून, भोवतालच्या ग्रंथीसकट गाठ काढण्याची रीत बसली. सुश्रुताने वाढलेल्या पडजिभेबद्दल हाच इशारा दिलेला आहे: जास्त कापलं तर रक्तस्रावाने रोगी दगावतो, कमी कापलं तर सूज आणि लाळ मागे लागते. आणि कच्छपासाठीही त्याने शस्त्रच सांगितलं आहे.

टाळूवर ही नस नसते. तिथली अडचण म्हणजे उघडं हाड. भोवतालच्या चांगल्या अस्तरासकट गाठ काढली की मागे रुपयाएवढा खड्डा उरतो, आणि त्यावरून वरण-भात गिळायचा असतो. म्हणून शस्त्रक्रियेआधीच दंतवैद्य टाळूचा साचा घेतो, त्यावरून अ‍ॅक्रिलिकची पातळ पट्टी बनवतो. गाठ निघाली की खड्ड्यात औषधी बोळा भरून पट्टी दातांना अडकवायची. तिच्याआड काही आठवड्यांत नवं अस्तर कडेकडेने सरकत येतं.